भिंतीपलीकडचा पंखा

पुंडलिक मास्तरांना पंखा एकच हवा होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे रामायण झालं त्याला मास्तर स्वतःला सोडून सगळ्यांना जबाबदार धरत, आणि त्या यादीत पहिलं नाव असे लिलावाच्या माणसाचं.

साल बहात्तर. तारापूरच्या प्रकल्पावर आलेले परदेशी साहेब आपलं काम उरकून मायदेशी निघाले होते, आणि त्यांचं घरगुती सामान कॉलनीबाहेर मांडव घालून विकायला काढलं होतं. अख्खं बोईसर तिकडे लोटलं. ज्यांच्या घरी पाव फक्त आजारी माणसाला देत त्यांनी पाव भाजायची यंत्रं उचलली. एका गृहस्थांनी केस वाळवायचं यंत्र घेतलं. त्यांना चांगलं चकचकीत टक्कल होतं, पण वस्तू परदेशी होती ना! मास्तर बोईसरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत, त्यामुळे असल्या वेडात वाहून जाणाऱ्यांतले आपण नव्हे, असं त्यांचं मत होतं. ते मांडवात तीन फेऱ्या मारून, हात पाठीमागे बांधून, हिरव्या रंगाच्या एका टेबलफॅनपाशी थांबले आणि तिथेच वाहून गेले.

"हा एक द्या," ते म्हणाले.

"जोडी आहे. जोडी फोडत नाही," लिलावाचा माणूस म्हणाला.

आता दोन पंख्यांचं मास्तर करणार काय? घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकाचा बोळ. मास्तर जड मनाने मागे वळले, तर पाठीशी विश्राम उभा.

हा विश्राम त्यांचा शेजारी. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कौलारू घर होतं. मालक पालघरला राहत आणि त्यांनी मधोमध भिंत घालून त्याची दोन बिऱ्हाडं केली होती. एकात मास्तर आणि त्यांची बायको जयवंती, दुसऱ्यात विश्राम तांडेल आणि त्याचा म्हातारा बाप धर्माजी. विश्राम कारखान्यात फिटर होता, शिफ्टच्या बसने जायचा-यायचा. धर्माजीने चाळीस वर्षं समुद्रात होडी हाकली होती. बायको वारल्यावर लेकाने त्याला किनाऱ्यावरून उचलून इथे आणून ठेवला. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर गोदामाचा पत्रा. म्हातारा दिवसभर उंबरठ्यावर बसून तोंड पश्चिमेला करून असायचा. "हितं वारा नाय," एवढी एकच त्याची तक्रार. जेवण कसं आहे, वारा नाय. झोप लागली का, वारा नाय. महिन्याकाठी तो थोडाथोडा वाळत चालला होता आणि विश्रामला ते दिसत होतं.

"मास्तर, एक मी घेतो," विश्राम म्हणाला. "बाबासाटी."

अशी जोडी न फुटता दोन घरांत आली.

आता इथे तात्यांचा प्रवेश होतो. तात्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुसऱ्याच्या सामानावरची अक्षरं वाचल्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की आधी ती उलटी करून तिच्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, ही त्यांची सवय. त्यांनी पंखा उलटा केला.

"एकशे दहा व्होल्ट," तात्या म्हणाले. "आपल्याकडे दोनशे तीस. हा लावलात तर वारा नाही येणार मास्तर, धूर येईल."

ओटीवर जमलेल्या मंडळींनी लगेच सल्ले द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, एक दिवसाआड लावा. कुणी म्हणालं, वायर चांगली लांबलचक घ्या, येता येता करंट दमतो. एकजण तर म्हणाला, रस्त्याच्या शेवटच्या खांबावर दिवेलागणीला विजेचा दाब आपोआपच एकशे दहा असतो, बिऱ्हाड तिकडे हलवा. धर्माजी मात्र पंख्यापाशी बसला होता. तो आपल्या पंख्याच्या पात्याला बोटाने हळूच ढकलत होता. पातं फिरायचं, थांबायचं, की पुन्हा ढकलायचा.

मास्तरांना ते बघवेना. आणि मग, ओटीवर, भर दुपारी, त्यांना आपला फळा आठवला. बारा वर्षं दर जानेवारीत ते त्या फळ्यावर दोन आकृत्या काढत आले होते. एक एकसर जोडणी, म्हणजे सगळी उपकरणं एकाच तारेवर एकामागे एक. दुसरी समांतर जोडणी, म्हणजे प्रत्येकाला आपापली वाट. एकसर जोडणीत दाब वाटला जातो. दोन सारखे पंखे एकामागे एक जोडले, तर दोनशे तीसचे होतात एकशे पंधरा आणि एकशे पंधरा! मास्तर ताडकन उभे राहिले. बारा वर्षांत त्यांनी वायरीला हात लावला नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा असा झाला की जयवंतीबाईंनी घाबरून पाणी आणलं.

अडचण एकच होती. विश्रामच्या खोलीत वीजच नव्हती. त्याचा मीटरचा अर्ज वीज ऑफिसात सात महिने झोपला होता. पण मास्तर म्हणाले, लागतेच कुणाला! माझ्या बटणातून तार निघेल, माझ्या पंख्यातून जाईल, भिंतीतून पलीकडे धर्माजीच्या पंख्यातून फिरेल आणि परत येईल. विश्रामने रविवारी पहार घेऊन भिंतीला भोक पाडलं. ते जरा मोठंच पडलं. मूठ सहज जाईल एवढं. फिटर माणूस, त्याला लोखंडाची सवय, मातीच्या भिंतीचा अंदाज कसा येणार?

आणि पंखे चालले. खरंच चालले हो! ओटीवर टाळ्या पडल्या. तात्यांनी पुन्हा एकदा पंख्याखालची पाटी वाचून पाहिली. भिंतीच्या भोकातून धर्माजीचा आवाज आला, "मास्तर! आला! खारा वारा आला!"

मास्तरांनी त्या दिवशी जमलेल्यांना अर्धा तास एकसर जोडणी समजावून सांगितली. कुणी उठून गेलं नाही, कारण वारा छान येत होता.

एकसर जोडणीचा एक स्वभाव मात्र मास्तर मुलांना शिकवत आले होते आणि स्वतः विसरले होते. एकाने बटण बंद केलं की दोघांचं बंद. प्रत्येक पंख्याला आपापलं बटण होतं, आणि दोन्ही बटणं दाबलेली असतील तरच वारा. म्हणजे दुपारी शाळेतून आल्यावर मास्तरांना पंखा हवा असेल, तर पलीकडे धर्माजीलाही त्याच वेळी हवा असायला पाहिजे.

त्यावर तोड निघाली. भिंतीवर तीन टकटक म्हणजे, मी लावतोय, तुम्ही लावा. दोन टकटक म्हणजे, बंद करतोय, राग मानू नका. एक टकटक म्हणजे, आहात का? ही एक टकटक फक्त धर्माजी वापरायचा. मास्तर शाळेतून साडेबाराला यायचे, चप्पल काढायचे आणि टोपी खुंटीला अडकवायच्या आत भिंतीतून टक् व्हायचं. मग मास्तर तीन वेळा वाजवायचे आणि दोन्ही घरांत वारा सुरू व्हायचा. धर्माजीने पंखा हळू केला की मास्तरांचाही हळू. मास्तरांनी वाढवला तर पलीकडून विचारणा, "वादळ येते काय मास्तर?"

आणि हळूहळू त्या भोकातून बोलणंही सुरू झालं. मास्तर पेपर तपासत, धर्माजी पडल्यापडल्या वाऱ्यांविषयी सांगत असायचा. कुठला वारा कुठल्या महिन्यात फिरतो, कुठल्या वाऱ्याला मासळी खाली जाते, मतलई सुटली की होडी कशी आपसूक बाहेर निघते. मास्तरांनी पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे यांवर दोन मार्कांची टीप शिकवली होती. तेवढ्याच विषयावर हा माणूस दोन महिने बोलत होता आणि अजून चैत्रापर्यंत पोचला नव्हता. म्हातारा जेवायला लागला. विश्राम एकदा ओटीवर येऊन मास्तरांच्या पाया पडला. मास्तरांनी "अरे, अरे" केलं, पण पाय मागे घेतले नाहीत.

इथेच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगण्याजोगी झाली नसती. पण एप्रिलात शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब आले.

साहेब देशावरचे, कडक. त्यांना कुणीतरी सांगितलं की इथले विज्ञानाचे शिक्षक घरातच प्रयोग करतात. साहेब म्हणाले, मग चहा त्यांच्याकडेच घेऊ. झालं! जयवंतीबाईंनी शेजारून कपबशा आणल्या. मास्तरांनी वार्षिक परीक्षेच्या नववीच्या पेपरांचा गठ्ठा मुद्दाम टेबलावर दिसेल असा ठेवला, साहेबांना पंख्यासमोर बसवलं आणि ऐटीत भिंतीवर तीन टकटक केल्या.

वारा आला. साहेबांनी मान डोलावली. मास्तरांनी आकृती काढायला कागद घेतला, आणि पंखा थांबला.

मास्तरांनी हसून तीन टकटक केल्या. काही नाही. पुन्हा तीन. साहेब टोपीने वारा घेऊ लागले.

"दम घ्या मास्तर!" भिंतीतून आवाज आला. "लुंगी बदलतो हाय!"

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मास्तरांनी छताकडे पाहिलं. जयवंतीबाई पदर तोंडाला लावून बोळात पळाल्या.

मग वारा आला, पण कसा! आजवर कधी नव्हे इतक्या जोरात. झालं होतं असं की धर्माजीने आपल्या पंख्यासमोर दोरी बांधून तिच्यावर बोंबील सुकत घातले होते. ती दोरी सुटून पात्यांत गुंतली आणि त्याचा पंखा अडकला. अडकलेला पंखा आपल्या वाट्याचा दाब घेईना, तो सगळा मास्तरांच्या पंख्यावर आला. मास्तरांना हे कारण क्षणात कळलं. मार्कं द्यायची तर पाचपैकी पाच. पण तोवर नववीचे ऐंशी पेपर उठले होते. ते साहेबांच्या तोंडावरून, चहावरून, ओटीवरून थेट रस्त्यावर गेले, आणि रस्त्यावरून त्याच वेळी पहिल्या शिफ्टची बस गेली. मागोमाग भिंतीच्या भोकातून अर्धवट सुकलेल्या बोंबलांचा वास आत आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

एकोणऐंशी पेपर मिळाले. ऐंशीवा ज्याचा होता त्याला मास्तरांनी सरासरीने मार्कं दिली आणि तो मुलगा शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच विज्ञानात पास झाला. पण हे नंतरचं. त्या वेळी धर्माजी नव्या लुंगीत रस्त्यावर वाकून पेपर गोळा करत होता आणि साहेब ओटीवरून उतरता उतरता मास्तरांना म्हणाले, "म्हणजे मास्तर, तुमचा वारा शेजाऱ्याच्या परवानगीने चालतो तर!"

दुसऱ्या दिवशी हे वाक्य मास्तरांच्या आधी शाळेत पोचलं होतं. शिक्षकांच्या खोलीत मास्तर शिरले की कुणीतरी टेबलावर तीन वेळा टकटक करी. शिपाईसुद्धा घंटा देण्याआधी विचारी, "मास्तर, देऊ का? परवानगी हाय?" मास्तर हसत, पण आतून ते फार लागलं होतं.

धर्माजी संध्याकाळी चार बोंबील घेऊन आला. "तुमच्यासाटीच सुकवीत होतो," तो म्हणाला. "तुमी पेपर तपासून दमता. म्हटलं, भाजून द्यावे." मास्तरांनी बोंबील घेतले आणि पंख्याचा विषय काढला नाही.

त्यात वीज ऑफिसातून बोलावणं आलं. एका घरातून दुसऱ्या घरात तार गेल्याचं कुणीतरी कळवलं होतं. टेबलामागचा कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "मीटर एकाच्या नावावर आणि वारा दोघांना?"

मास्तर तर याच प्रश्नाची वाट पाहत होते. ते म्हणाले, "साहेब, एकसर जोडणीत विद्युतधारा सगळीकडे सारखीच असते. जेवढा करंट माझ्या घरातून जातो तेवढाच्या तेवढा परत येतो. शेजारी त्यातला कणभरही ठेवून घेत नाही!"

कारकून विचारात पडला. "सगळा परत येतो?"

"सगळा."

"मग तुम्ही आमचं बिल कशाचं भरता?"

आता याचं उत्तर मास्तरांना ठाऊक होतं. पुढच्याच धड्यात होतं ते. पण उभ्या जन्मात हा प्रश्न त्यांना एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता आणि एका कारकुनाने विचारावा, याने त्यांची वाचाच गेली. कारकुनाने त्यांचं म्हणणं लेखी मागितलं. मास्तरांनी ते दिलं. 'अर्जदार पुंडलिक गोमा राऊत नम्रपणे कळवतो की त्याचा करंट नियमितपणे घरी परत येतो.' तो अर्ज त्या ऑफिसात पुढे कित्येक वर्षं नव्या माणसांना वाचून दाखवत, असं म्हणतात.

पण कारकून मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे. घरमालकाचं संमतीचं पत्र आणा, मी शेरा मारतो. तार राहू दे."

हे नीट लक्षात ठेवा. तार राहू दे, असं कारकून स्वतः म्हणाला होता.

मास्तर शनिवारी सकाळची शाळा आटोपून पालघरला गेले. मालकांकडेच निघाले होते, पण वाटेत एकनाथचं दुकान लागलं. एकनाथ जळलेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देई. मास्तरांनी सहज विचारलं, दोनशे तीसचे एकशे दहा करणारा ट्रान्सफॉर्मर करता येईल का? म्हणजे समांतर जोडणी करता येईल, दोन्ही पंख्यांना आपापली वाट. कुणी कुणाला विचारायला नको.

"करतो ना," एकनाथ म्हणाला. "पण दोन पंखे म्हणजे दुप्पट करंट. जाड तार लागेल, ती आत्ता नाही. पंधरा-वीस दिवस थांबा. एकाच पंख्याचा हवा असेल तर पुढच्या शनिवारी घेऊन जा."

मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. एप्रिल सरत आला होता. डोक्यात शिपायाची घंटा होती, साहेबांचं वाक्य होतं. दुसरा नंतर करू, असं ते मनाशी म्हणाले. मालकांच्या घरी ते गेलेच नाहीत.

"शनिवारी येतो," ते एकनाथला म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांनी ट्रान्सफॉर्मर आणून टेबलाखाली ठेवला आणि भिंतीतून जाणारी तार काढली. धर्माजीला सांगितलं, "वीज ऑफिसची हरकत आहे. थोडे दिवस. तुमच्यासाठीही एक करून घेतो. मी बघतो."

"बगा तुमी," धर्माजी म्हणाला. "घाई नाय."

विश्रामला तर शंकाही आली नाही. मास्तर बघतो म्हणालेत, म्हणजे झालंच. त्या रस्त्यावर मास्तरांच्या शब्दाला असा मान होता.

मास्तरांचा पंखा आता कुणालाही न विचारता चालू लागला. बटण दाबलं की वारा, पुन्हा दाबलं की बंद. बारा वर्षं ते मुलांना समांतर जोडणीचे फायदे सांगत आले होते. पहिला फायदा, एक उपकरण बंद पडले तरी दुसरे चालू राहते. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चालू राहिलं.

सोमवारी साडेबाराला टोपी खुंटीला लावतात तोच भिंतीतून टक् झालं. मास्तरांनी उत्तर दिलं नाही. काय देणार? तीन वाजवावेत तर पलीकडे लावायला काही नाही. दोन वाजवावेत तर बंद करायला काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा एकदा टक् झालं. मास्तरांनी पंख्याचा वेग वाढवला.

"अहो, ते वाजवतायत," जयवंतीबाई बोळातून म्हणाल्या.

"ऐकलं मी."

"मग बोला की. भोक आहे ना अजून?"

"बोलेन गं! माणूस दमून आलाय."

मंगळवारी टक् झालं. बुधवारीही. जयवंतीबाईंनी एकदा स्वतःच भिंतीपाशी जाऊन विचारलं, "काय हवंय का काका?" तर पलीकडून आवाज आला, "नाय गो. मास्तर आले का, येवडंच." पुढे कधी तरी टक् व्हायचं थांबलं. कुठल्या दिवशी ते मास्तरांनी लक्षात ठेवलं नाही, आणि याचंच त्यांना नंतर सर्वांत वाईट वाटत राहिलं.

एकनाथकडे जायचं मास्तर रोज ठरवत. एकदा निकाल होता. एकदा मासवणला चुलत्यांकडे लग्न होतं. एकदा तर पालघरला जाऊन आले, पण दुसऱ्याच कामाला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विश्रामची बहीण जमना केळव्याहून आली. बापाकडे बघून तिने डोळ्यांना पदर लावला आणि त्याची वळकटी बांधली. म्हातारा पुन्हा वाळला होता. निघताना तो मास्तरांकडे आला तर जयवंतीबाईंनी सांगितलं, मास्तर शाळेत गेलेत. सुट्टीत शाळा नसते हे त्याच्या ध्यानात आलं नसेल, किंवा आलंही असेल. मास्तर तात्यांच्या ओटीवर बसले होते. धर्माजीने आपला पंखा जयवंतीबाईंच्या हातात दिला.

"तितं समुद्र हाय," तो म्हणाला. "मला काय करायचा? मास्तरांकडे राव दे. जोडी फोडू नका म्हणावं."

जूनमध्ये विश्रामचं वीजमीटर आलं. माणूस मीटर घेऊन दारात उभा, आणि अर्जदार बाप गेल्यावर लगेच कारखान्याजवळ खोली घेऊन गेलेला. ते मीटर शेवटी नव्या भाडेकरूच्या नावावर बसलं. हा नवा भाडेकरू कारखान्यातच रात्रपाळीला होता, उत्तरेकडचा. त्याने पहिल्याच दिवशी भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं.

ऑक्टोबरात उकाडा वाढला. जयवंतीबाई म्हणाल्या, "तो दुसरा नुसता पडलाय, चुलीपाशी लावून द्या की." ट्रान्सफॉर्मर एकाच पंख्याचा आहे, समांतर जोडणीत दोघांचा करंट बेरीज होऊन त्याच्यावर येणार, हे मास्तरांना पाठ होतं. पण बायकोला कारण सांगायचं तर तो एकाच पंख्याचा का केला, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी मुकाट्याने दुसरा पंखा जोडला. पाऊण तास छान वारा आला. मग टेबलाखालून धूर आला. तात्या वासावर आले आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं. वारा नाही, धूर!"

दिवाळीच्या सुट्टीत मास्तर केळव्याला गेले. माफी मागायची असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेभर वाक्य जुळवून ठेवलं होतं. धर्माजी सुरूच्या झाडांपाशी वाळूत बसून जाळं विणत होता. अंगातला सदरा वाऱ्याने फुगला होता. तब्येत सुधारली होती.

"मास्तर!" त्याने जाळं बाजूला टाकलं. "बसा, बसा. कसा वारा हाय बगा! फुकट!"

मास्तर बसले. वाक्य घशापर्यंत आलं होतं. पण आधी म्हातारा बोलला.

"त्या दिसाचं माज्या मनात राहिलंय," तो खाली बघत म्हणाला. "ते साहेब आले होते ना? माज्या बोंबलांनी तुमची इज्जत घालवली. तवाच ठरवलं, मास्तरांना आता तरास द्यायचा नाय. तुमी ट्रान्सफॉर्मर केलात, बरं केलंत. दोगांचा नसंल होत ना?"

मास्तरांच्या हातात वाळू होती. ती त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात केली.

"तार नव्हती हो," ते म्हणाले. "जाड तार मिळेना."

"असू दे. तार काय, कदी मिळते, कदी नाय," धर्माजी म्हणाला आणि सुक्या बोंबलांची एक पुडी त्यांच्या पिशवीत घातली.

खोटं म्हणावं तर एकनाथकडे तार खरंच नव्हती. मास्तर परतीच्या वाटेवर हेच पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होते, आणि त्यांचंच त्यांना पटत नव्हतं. वाक्य न बोलता परत आणलं याची त्यांना लाज वाटली.

घरी उकाडा होताच. ट्रान्सफॉर्मर जळलेला, म्हणजे पंखे चालवायचे तर पुन्हा एकसर जोडणी, आणि दोन्ही एकदम. मास्तरांनी एक पंखा आपल्या टेबलावर ठेवला. दुसरा कुठे ठेवायचा? वायर पुरेल तिथे, म्हणजे भिंतीपाशी, बुजवलेल्या भोकाखाली. त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

जयवंतीबाई दमट झालेले बोंबील ताटात पसरत होत्या. त्या म्हणाल्या, "हा कुणाला वारा घालतोय?"

"तो नसला तर हा चालत नाही."

जयवंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ताट उचलून भिंतीपाशी, त्या दुसऱ्या पंख्यासमोर नेऊन ठेवलं.

मास्तर उठले, भिंतीपाशी गेले आणि सवयीने तीन टकटक करून बसले.

"कौन है भाई?" पलीकडून झोपेतला आवाज आला. "रातपाली करके सोया हूँ!"

"कुछ नहीं. सो जाओ," मास्तर म्हणाले.

दोन्ही बटणं आता त्यांच्याच बाजूला होती. त्यांनी आधी भिंतीपाशी ठेवलेल्या पंख्याचं बटण दाबलं. काही झालं नाही. मग टेबलाशी येऊन स्वतःचं दाबलं. दोन्ही पंखे हळूहळू फिरायला लागले; एक मास्तरांना वारा घालत होता, आणि एक भिंतीला.